तांडेल काकांचा फोन: दर्यावर टिकणारा मोबाईल निवडताना काय काय बघितलं

देवगडच्या जेटीवरून ट्रॉलर घेऊन जाणाऱ्या एका तांडेल काकांसाठी फोन निवडायचा होता, त्याचं हे सगळं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण किनारपट्टीवर हा प्रश्न घरोघरी आहे आणि शोरूममध्ये उत्तर मिळतं ते फक्त "हा घ्या, वॉटरप्रूफ आहे" एवढंच. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळे फोन नवा असताना कसा दिसतो त्यापेक्षा मेल्यावर आतून कसा दिसतो ते मी जास्त बघितलंय, आणि इथला सगळा विचार त्या बाजूने आलाय.

काका पन्नाशीच्या पुढचे, फेरी दोन-तीन दिवसांची, बजेट पंचवीस ते तीस हजार. फोन कशाला लागतो तर बंदराजवळ रेंज आली की व्यापाऱ्याला फोन लावून म्हाकूल-बांगड्याचा भाव विचारायला, घरी कळवायला, हवामानाचा इशारा आणि मच्छीमारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज बघायला, रात्री टॉर्चला, आणि बोटीवरचा जीपीएस बंद पडला तर निदान आपण कुठे आहोत एवढं कळायला. कॅमेऱ्याचं त्यांना काहीच पडलेलं नव्हतं. मुलाला मात्र पडलेलं होतं, ते पुढे येईलच.

आधीचा फोन आयपी६८ होता, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा तो आकडा, त्याचा अर्थ पुढे येईल. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, दुकानदाराने बादलीत बुडवून दाखवलेला, आणि एका सीझनच्या आत बंद. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सिमचा ट्रे काढून आतला छोटा पांढरा स्टिकर बघितला, तो लाल झालेला, म्हणजे आत पाणी गेलंय, म्हणजे वॉरंटी नाही, विषय संपला. काकांचं म्हणणं असं की फोन एकदाही पाण्यात पडला नव्हता. आणि ते खरंच होतं, फोन उघडल्यावर मला ते दिसलं.

चार्जिंगची सीसी, म्हणजे केबल घालायचं पोर्ट, मायक्रोस्कोपखाली धरली तर आतली जीभ एका बाजूने हिरवट निळी झालेली, त्यावर मिठाचे बारीक पांढरे कण, आणि पाच व्होल्ट ज्या पिनांवर येतात त्यातल्या दोन पिना मुळापासून खाल्लेल्या, म्हणजे सोन्याचा मुलामा गेलेला, खालचं तांबं गेलेलं, नुसतं प्लॅस्टिकचं खाचं उरलेलं. शेजारच्या ग्राउंडच्या पिना त्यामानाने बऱ्या होत्या. हा फरक महत्त्वाचा आहे. पाण्याने नुसतं गंजलं असतं तर सगळ्या पिना सारख्याच खराब झाल्या असत्या. पॉझिटिव्हच्याच पिना खाल्ल्या गेल्या म्हणजे ओल्या पोर्टात केबल घातली गेली आणि करंट चालू असताना खाऱ्या पाण्यातून एका पिनेवरून दुसरीकडे वाहत राहिला. बोटीच्या बॅटरीवर गाडीचा चार्जर लावून काका रोज रात्री फोन चार्जिंगला लावत होते. दिवसभर ओल्या हाताने वापरलेला फोन, पोर्टात जेमतेम थेंबभर खारं पाणी, आणि वरून पाच व्होल्ट. तिथून पुढे रबरी सील सुटलं आणि ओल बोर्डापर्यंत गेली.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि नळाच्या पाण्यापेक्षा त्यातून वीज ढोबळमानाने शंभरपट सहज वाहते. टाइप सी पोर्टात २४ पिना, दोन पिनांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं अंतर, आणि पाच व्होल्टच्या पिनांना अगदी लागून त्या बारीक पिना ज्यांच्यावरून फोन चार्जरशी बोलतो. त्यामुळे खाऱ्या पाण्याचा थेंब तिथे बसला की आधी "पोर्टमध्ये ओलावा आहे" अशी सूचना येते, लोक ती बंद करतात किंवा फोन स्विच ऑफ करून चार्जिंगला लावतात, आणि मग पिना जातात. गोड्या पाण्याचा थेंब सुकून जातो, खाऱ्याचं पाणी सुकलं तरी मीठ तिथेच राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या दमट हवेत परत ओलं होतं. पावसात भिजून आलेले फोन आणि दर्यावरून आलेले फोन यांच्यात हाच फरक, पावसातले बरेचसे वाचतात.

आता आयपी६८ म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ त्या आकड्यावर आहे. पहिला आकडा धुळीचा, सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर खोल अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने स्वतः सांगायचं, म्हणून कोणी दीड मीटर अर्धा तास म्हणतं तर आयफोनवाले सहा मीटर म्हणतात, आकडा दोघांचा ६८च. आणि ही टेस्ट स्वच्छ गोड्या पाण्यात, नवीन फोनवर, पाणी शांत असताना. दीड मीटर म्हणजे आपल्या दर्याच्या भाषेत एक वावसुद्धा (सहा फूट) नाही. त्यातून अजून एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, बुडवायची टेस्ट पास झाली म्हणजे फवाऱ्याची झाली असं होत नाही, ती वेगळी असते, पाच आणि सहा आकड्याची, सहावाल्यात मिनिटाला शंभर लिटरचा जोरदार झोत मारतात. बोटीवर मासळी काढून झाली की पाइप लावून डेक धुतात, तो झोत बुडण्यापेक्षा वाईट, कारण तो सीलच्या कडेला थेट बसतो. आयपी६९ म्हणजे तर ऐंशी डिग्रीचं गरम पाणी दहा-पंधरा सेंटीमीटरवरून प्रचंड दाबाने, ते मुळात मशिनरी आणि गाड्या धुण्यासाठी केलेलं. तेही गोडंच पाणी. मिठाचा या आकड्यांमध्ये कुठेच संबंध नाही.

मिलिटरी ग्रेडचंही तसंच. एमआयएल-एसटीडी-८१०एच हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा २०१९ चा दस्तऐवज आहे, त्यात दोन डझनांच्या वर वेगवेगळ्या टेस्ट आहेत, आणि त्यातल्या कुठल्या करायच्या ते कंपनी ठरवते. सर्टिफिकेट देणारी कुठली सरकारी संस्था नाही. पाडून बघायची जी टेस्ट सगळे सांगतात ती १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा, पण खाली काँक्रीटवर दोन इंच जाड प्लायवूड ठेवलेलं असतं. त्याच दस्तऐवजात ५०९ नंबरची टेस्ट खाऱ्या धुक्याची आहे, पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ डिग्री, चोवीस तास फवारा चोवीस तास सुकवणं असं दोनदा. आपल्याला हवी ती ही. म्हणून मी कोणालाही सांगतो की नुसतं ८१०एच वाचून थांबू नका, कंपनीने टेस्टची यादी दिली असेल तर त्यात खाऱ्या धुक्याचं नाव आहे का ते शोधा. बहुतेक वेळा यादीच दिलेली नसते.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "दर्यात चार्जिंगाक लावूक लागाचो नाय, असो काय गावता तर बघ." मला विचाराल तर फोन निवडण्याची अख्खी अट यात आली. फोन ओला होणारच, खारं लागणारच, ते थांबवता येत नाही. थांबवता येतं ते ओल्या पोर्टात केबल घालणं. म्हणजे आकड्यापेक्षा आधी बघायचं ते हे की दोन-तीन दिवस केबल न लावता फोन चालेल कसा.

मग पर्याय काढायला बसलो. मुलगा मोबाईल घेऊन समोर, एकेक दाखवत होता.

पहिला आला तो बाहेरून येणारा जाडजूड रग्ड फोन, दहा हजार एमएएचच्या वर बॅटरी, पोर्टावर रबरी झाकण, पाठीमागे टॉर्च एवढा मोठा की वेगळ्या विजेरीची गरज नाही. ब्लॅकव्ह्यू, डूजी, युलेफोन, औकिटेल असल्या नावांचे. केबल न लावण्याची अट हे फोन आरामात पुरी करतात, ते मान्यच करायला हवं. पण तीन अडचणी आल्या. वजन अर्धा किलोच्या आसपास, काकांनी असाच एक फोन हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. दुसरं म्हणजे नेटवर्क. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, म्हणजे कॉल लावायचा तर फोनमध्ये व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरूनच कॉल लावायची सोय, आपल्या नेटवर्कवर चालायलाच हवी, आणि बाहेरच्या बाजारासाठी बनवलेल्या काही फोनमध्ये इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही, हे मी ग्राहकांच्या हातात बघितलंय. बॅंड, म्हणजे नेटवर्क ज्या फ्रिक्वेन्सींवर चालतं त्यांचे नंबर, ते पण बघावे लागतात, जिओचे ३, ५ आणि ४०, एअरटेलचा ८, बीएसएनएलचं फोरजी घेणार असाल तर २८. कमी फ्रिक्वेन्सीचे बॅंड, म्हणजे ५, ८, २८, किनाऱ्यापासून जास्त लांब पोचतात, दर्यावर उपयोग त्यांचाच. तिसरी अडचण सर्व्हिस. डिस्प्ले फुटला तर पार्ट कुठून आणायचा याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि मोठं नाव असलं तरी भरवसा नाही, कॅट नावाचे रग्ड फोन बनवणारी ब्रिटनची बुलिट ग्रुप कंपनी २०२४ च्या जानेवारीत बंद पडली, ते फोन चांगले होते, थर्मल कॅमेरावाला एस६० त्यांचाच. फोन मजबूत आणि कंपनीच गेली तर आपल्यासारख्याने करायचं काय.

याच यादीत मुलाला एक सॅटेलाइट मेसेजवाला फोन सापडला होता आणि तो त्याच्यावर एकदम खूश, दर्यात रेंज नसली तरी मेसेज जाईल म्हणून. त्याला मी तिथेच थांबवलं. आपल्याकडे सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही, थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या सॅटेलाइट फोनना तर सरळ बंदी, विमानतळावर असली यंत्रं घेऊन आलेल्या परदेशी लोकांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या गोव्यातून पण आल्यात. बोटीवर तपासणीत सापडलं तर तांडेल अडकणार. आणि त्याची गरजही नाही, कारण बोटीला इस्रोने बनवलेला ट्रान्सपॉन्डर मोफत बसवायची योजना आहे, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात देशभरातल्या एक लाख बोटींसाठी ती सुरू झाली. त्यातून दोन्ही बाजूने मेसेज जातो, वादळाची सूचना येते, संकटात सापडलो तर बटण दाबून कळवता येतं, आणि तो फोनला ब्लूटूथने जोडून नभमित्र अ‍ॅपवर वाचता येतो. म्हणजे सॅटेलाइट बोटीवर आहे, फोनमध्ये नुसतं ब्लूटूथ धड हवं.

दुसरा पर्याय मुलाचा आवडता. आयपी६९वाले नेहमीचे फोन. २०२४ च्या जूनमध्ये ओप्पोचा एफ२७ प्रो प्लस आला २७,९९९ ला, भारतातला पहिला आयपी६९ म्हणून, त्याच्यावर ६६, ६८, ६९ तिन्ही आकडे, आणि नंतर बाकीच्या कंपन्यांनीही आणले. कॅमेरा चांगला, दिसायला चांगला, हलका, पाच हजारची बॅटरी. झोताच्या पाण्याला हे फोन खरंच बरे आहेत आणि ट्रेकवाल्याला, बागेत फवारणी करणाऱ्याला, पावसात बाईकवर डिलिव्हरी करणाऱ्याला मी हाच पर्याय सांगेन, त्यांना उगाच रग्डच्या मागे जायची गरज नाही. पण काकांच्या बाबतीत पोर्टचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो, पाच हजारची बॅटरी जीपीएस चालू ठेवला तर दोन दिवस जात नाही, म्हणजे दर्यात केबल आलीच. शिवाय कडेला वळलेली काच, ओल्या हातातून सटकते आणि बदलायची तर महाग.

तिसरा सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सकव्हर ७. हा शोरूममध्ये दिसत नाही, कंपनीच्या वेबसाइटवर आणि कंपन्यांना विकायच्या पोर्टलवर मिळतो, म्हणून कोणाला माहीतच नसतो. भारतात २०२४ च्या फेब्रुवारीत आला, साधारण सत्तावीस हजार, दोन प्रकार, आणि एंटरप्राइजवाल्याला तीन-साडेतीनशे रुपये जास्त देऊन दोन वर्षांची वॉरंटी. आयपी६८, ८१०एच, ६.६ इंच स्क्रीन, वजन २४० ग्रॅम. बॅटरी फक्त ४०५० एमएएच, आणि कागदावर बघितलं तर इथेच तो मागे पडतो. पण ही बॅटरी निघते. पाठ नखाने उघडायची, बॅटरी काढायची, दुसरी घालायची, पाठ दाबून बसवायची. जुन्या काळात सगळे फोन असेच होते. म्हणजे तीन बॅटऱ्या घरून भरून न्यायच्या आणि दर्यात केबलला हातच लावायचा नाही. वर बाजूला एक जादाचं बटण, त्याला आपल्याला हवं ते काम लावता येतं, आणि हातमोज्यांसाठी टचची सेन्सिटिव्हिटी वाढवायची सोय.

वायरलेस चार्जिंगवाला रग्ड असता तर पोर्ट कायमचंच बंद करून टाकता आलं असतं. नोकियाचा एक्सआर२० तसा होता, २०२१ मध्ये भारतात ४६,९९९ ला आला होता, पण बजेटच्या बाहेर आणि आता नवा मिळणं अवघड. एक्सकव्हरला वायरलेस नाही, खालच्या बाजूला बाहेरून दिसणाऱ्या पोगो पिना आहेत, त्या डॉकवर चार्ज होतात आणि कापडाने पुसता येतात, कल्पना छान आहे पण तो डॉक आमच्या भागात मिळवायचा म्हणजे खटपट.

चौथा पर्याय कीपॅड फोन आणि पाउच. हा स्वस्त आणि वाईट नाही, पण काकांना ग्रुप आणि अ‍ॅप लागतात, म्हणून बाद. पाउचबद्दल एवढंच सांगतो की उन्हात आतून घाम धरतो आणि मग टच चालत नाही, पण फोन पाण्यात पडला तर तरंगतो, खलाशांच्या साध्या फोनला तोच बरा.

एक्सकव्हर ओळखीच्या एका माणसाकडे ऑफिसचा होता, तो दोन दिवस मागून आणला आणि काकांच्या हातात दिला. कागदावरच्या तुलनेपेक्षा हे दोन दिवस जास्त उपयोगी पडले असं माझं मत आहे. जेटीवर बादलीतलं खारं पाणी हाताला लावून कॉल उचलायला सांगितलं. बोटांना खारं पाणी आणि मासळीचा चिकट असेल तर कुठल्याही काचेचा टच वेडावाकडा होतो, याचाही झाला, स्वाइप करायला दोन-तीनदा लागलं. मग सेटिंगमध्ये पॉवरच्या बटणाने कॉल कट करायचं आणि आवाजाच्या बटणाने कॉल उचलायचं लावून दिलं, सॅमसंगमध्ये ती सोय आहे, आणि जादाच्या बटणावर टॉर्च. काकांचा चेहरा तिथे पहिल्यांदा खुलला. इंजिन चालू करून रिंग ऐकू येते का बघितलं, केबिनमध्ये नाही आली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवल्यावर व्हायब्रेशन कळलं. दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचता येते का बघितलं, ब्राइटनेस पूर्ण केल्यावर आली, फार छान नाही पण आली. कड्याखालच्या ज्या जागी सगळ्यांची रेंज जाते तिथे जुन्या फोनशेजारी धरून बघितला, फरक काही नाही.

मुलगा शेवटपर्यंत म्हणत होता की त्याच पैशात कॅमेरा केवढा चांगला मिळतो. त्यावर काकी म्हणाल्या, "फोटो काढूक तुझो आसा मां, बाबांचो फोन लागाक व्हयो." आणि ते बरोबरच आहे, घरच्यांना रात्री अकराला फोन लागला नाही की काय होतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळतं.

एक्सकव्हर ७ एंटरप्राइज घेतला, दोन जादा बॅटऱ्या मुंबईहून मागवल्या, ओरिजिनलच, कारण लोकल बॅटरी फुगली तर पाठीवर दाब येऊन सील बसत नाही आणि मग आयपी६८ नुसतं नावाला. एक जाड कव्हर आणि त्याला तरंगणारा केशरी पट्टा, कारण फोन वॉटरप्रूफ असला तरी लोखंडासारखा खाली जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, सॅमसंग स्वतः या फोनच्या खाली बारीक अक्षरात लिहितं की टेस्ट दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, समुद्रकिनारी किंवा पूलमध्ये वापरू नका. म्हणजे खाऱ्या पाण्याने गेला तर कंपनी जबाबदार नाही, हे काकांना घेण्याआधी वाचून दाखवलं. बाकीच्या कंपन्याही तेच लिहितात. त्यामुळे फोन घेऊन काम संपत नाही, पद्धत बसवावी लागते आणि ती काकीच्या आणि काकांच्या दोघांच्या डोक्यात बसवली.

पद्धत अशी. दर्यात केबल नाही. बॅटरी बदलायची तर केबिनमध्येच, हात आणि फोन कोरडा करून, पाठ उघडल्यावर आतल्या रबरी कडेवरून सुती कापड फिरवायचं आणि मगच झाकायचं, कारण त्या कडेवर एक खवला किंवा वाळूचा कण राहिला तर सीलला तेवढी फट पुरते, आणि बसवताना चारही बाजूंनी अंगठ्याने दाबायचं. डेक धुताना फोन केबिनमध्ये. घरी आल्यावर आधी फोन गोड्या पाण्याच्या भांड्यात दोन-चार मिनिटं, पोर्ट आणि स्पीकरच्या जाळीवरून बोटाने पाणी फिरवायचं, नळाचा जोर लावायचा नाही. मग पोर्ट खाली करून आपटून पाणी काढायचं आणि पंख्याखाली रात्रभर. चार्जिंग सकाळी. हे ऐकून लोक घाबरतात की फोन मुद्दाम पाण्यात कसा घालायचा, पण सील धड आहे तोवर गोडं पाणी त्याचं काही करत नाही, मीठ मात्र करतं. साधा, सील नसलेला फोन खाऱ्या पाण्यात पडला तरी तेच, लगेच बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दुकानात न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून चार दिवसांनी आणतात, तोवर मीठ आतमध्ये बोर्ड खाऊन मोकळं झालेलं असतं, तांदूळ पाणी ओढेल, मीठ कसं ओढेल.

ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर फोन दर्यावर गेला आणि मे अखेरीस बोटी वर ओढल्या तेव्हा मी तो तपासायला मागून घेतला. पोर्ट मायक्रोस्कोपखाली स्वच्छ, पिना पिवळ्याधमक. पाठीच्या रबराला एका कोपऱ्यात वाळलेला खवला चिकटलेला, नशिबाने कडेच्या बाहेर. स्पीकरचा आवाज कमी झालेला, जाळीत मीठ बसलेलं, मऊ ब्रश आणि कोमट गोड्या पाण्याने बराच मोकळा झाला. स्क्रीनवर ओरखडे भरपूर, तडा नाही. तीनपैकी एका बॅटरीचा बॅकअप उतरलेला, ती काका सगळ्यात जास्त वापरत होते, आता आकडे घालून आळीपाळीने वापरायला सांगितलंय. सगळ्यात खराब काय झालं असेल तर तो केशरी पट्टा, उन्हाने कडक होऊन तुटायला आलेला, तो दरवर्षी बदलायचा.

रिपेअरिंगच्या बाजूने एक सांगतो. सील असलेला कुठलाही फोन एकदा बाहेर उघडला, डिस्प्ले बदलला आणि आमच्यासारख्याने बी-७००० गमने चिकटवला की त्याचं वॉटरप्रूफ संपलं असंच धरून चाला, दुकानदार काहीही म्हणो. कारखान्यात कापून आलेली चिकटपट्टी आणि दाब देणारं मशीन असेल तर थोडीफार आशा, तरी मी लेखी देत नाही. एक्सकव्हरचा फायदा असा की पाठ उघडण्यासाठीच केलेली आहे, पण त्याचाही डिस्प्ले फुटला तर सर्व्हिस सेंटरलाच न्यायचा. सेकंडहँड आयपी६८ फोन दर्यासाठी घेऊ नका असं मी सांगतो ते याचसाठी, आधी कोणी उघडलाय ते बाहेरून कळत नाही.

आणि फोन कितीही भारी घेतला तरी जीव वाचवायचं साधन म्हणून त्याच्यावर विसंबू नये, काकांनाही हे वारंवार सांगितलंय. रेंजच्या बाहेर तो निव्वळ टॉर्च आणि जीपीएस. वायरलेसवर चॅनल १६, ट्रान्सपॉन्डरचं संकटाचं बटण, आणि रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४, हे तिन्ही बोटीवरच्या प्रत्येक खलाशाला पाठ हवेत, तांडेल एकटा शुद्धीवर असेल असं नाही. काकांनी १५५४ केबिनच्या दारावर रंगाने लिहून घेतलाय. खलाशांपैकी दोघे नेपाळचे आहेत, त्यांना आकडा वाचता येतो, बाकीचं हिंदीत समजावलं.

आता त्याच जेटीवरच्या अजून तिघांना असाच फोन हवाय. त्यातला एकजण रापणीवाला आहे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, तो रोज संध्याकाळी घरी येतो, त्याला बॅटरी बदलायची गरजच नाही, त्याला मी साधा आयपी६६ आणि ६८ दोन्ही असलेला पंधरा-अठरा हजारांचा फोन बघायला सांगितलंय, अट एवढीच की रात्री आधी गोड्या पाण्यात आणि चार्जिंग सकाळी. दुसरा पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याच्या बोटीवर जातो, चार-पाच दिवस बाहेर, त्याला तीन बॅटऱ्याही पुरणार नाहीत, त्याच्यासाठी पोगोचा डॉक केबिनमध्ये कायमचा बसवता येतो का ते बघतोय, डॉक मिळाला की वायरिंग मीच करून देणार आहे.